हाय-रेझोल्यूशन सराउंड संगीत घरी ऐकायचं असेल तर

सिनेमासाठी बसवलेली सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणारी, यंत्रणा आणि संगीतासाठी बसवलेली यंत्रणा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. खरेदीला निघण्याआधी तो समजून घेतला, तर पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. सिनेमात संवादांचा आणि कथेचा भार पुढच्या तीन स्पीकरवर असतो. मागचे बहुतेक वेळ पाऊस, रहदारी, दूरचा गलका सांभाळतात, त्यामुळे तिथे लहान, भिंतीवर उंच टांगलेले स्पीकर चालून जातात. संगीतात मात्र मागच्या उजव्या बाजूला अख्खी गिटार असू शकते, मागे डावीकडे गायकांचा ताफा असू शकतो, कधी ऑर्गनचा पूर्ण वजनाचा सूर पाठीमागून येतो. तिथला स्पीकर तोकडा असेल, तर ते वाद्यच तोकडं वाजतं. म्हणून या सगळ्या लेखात माझा आग्रह एकच आहे: प्रत्येक स्पीकर बरोबरीचा हवा आणि प्रत्येकाला मूळ, न कापलेला (माहिती न गाळलेला) आवाज पोहोचायला हवा.

आधी ठरवा, ऐकायचं काय

यंत्रणेआधी संगीत. तुम्हाला हवं असलेलं संगीत सराउंडमध्ये निघालेलंच नसेल, तर पुढचा खर्च करू नका. चांगले दोन स्पीकर घ्या आणि सुखाने ऐका. पाश्चात्त्य शास्त्रीय, जॅझ, सत्तरच्या दशकातलं रॉक आणि अलीकडचं लोकप्रिय संगीत यांत सराउंड मिक्स (कोणतं वाद्य कोणत्या स्पीकरमधून वाजेल ते ठरवून केलेली मांडणी) भरपूर आहेत. इतर प्रकारांत शोधावे लागतात.

मिक्सचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात तुम्ही सभागृहात श्रोत्यांमध्ये बसलेले असता: वादक पुढे, आणि मागच्या स्पीकरमधून फक्त सभागृहाचा घुमारा, टाळ्या, हवेची जाणीव. बहुतेक शास्त्रीय ध्वनिमुद्रणं अशी असतात. दुसऱ्यात तुम्ही वादकांच्या मधोमध बसता आणि वाद्यं चहूबाजूंनी वाजतात. नॉर्वेच्या टूएल या कंपनीची बरीच ध्वनिमुद्रणं अशी आहेत. तिथे वादकांना मायक्रोफोनभोवती गोलात बसवूनच मुद्रण केलं जातं. दोन्ही प्रकार ऐकून पाहा. पहिल्याच ऐकण्यात "मागून तर काहीच येत नाही" अशी तक्रार असेल, तर बऱ्याचदा तो पहिल्या प्रकारचा मिक्स असतो, यंत्रणेचा दोष नसतो.

आता माध्यमं.

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने आणली. तिच्यात डीएसडी पद्धतीने, म्हणजे १ बिट आणि सेकंदाला २८,२२,४०० नमुने (आवाजाची मोजमापं) अशा गतीने आवाज साठवलेला असतो. दोन चॅनलचा (एक चॅनल म्हणजे एका स्पीकरसाठीचा आवाज) वेगळा भाग आणि सहा चॅनलपर्यंतचा वेगळा भाग असे दोन्ही एकाच तबकडीवर मावतात. पण प्रत्येक एसएसीडीवर सराउंड असतंच असं नाही. पाठीमागचा मजकूर वाचून "मल्टिचॅनल" किंवा ५.१ (पाच पूर्ण चॅनल आणि एक फक्त खर्जाचा) असा उल्लेख आहे का ते बघा. डीव्हीडी-ऑडिओ २००० च्या सुमारास आली. ५.१ मध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला ९६,००० नमुने), तेही मेरिडियन कंपनीच्या दोषरहित, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या, संकोचनाने. हा प्रकार आता बंद पडल्यात जमा आहे, पण जुन्या तबकड्या सापडतात. साध्या डीव्हीडी प्लेअरवर त्या वाजतात खऱ्या, पण तेव्हा त्यांच्यावरचा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा कापलेला आवाज ऐकू येतो, हाय-रेझोल्यूशन नाही. आज सर्वांत सोयीचं माध्यम ब्ल्यू-रे आहे. डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा सरळ एलपीसीएम (असंकोचित डिजिटल आवाज, म्हणजेच पीसीएम), सगळे दोषरहित. नवीन संगीत घेणार असाल तर आधी ब्ल्यू-रे शोधा.

डाउनलोड हा तिसरा मार्ग. फ्लॅक (दोषरहित संकोचनाच्या) फाइलमध्ये आठ चॅनलपर्यंत आवाज मावतो. जागेचा अंदाज असा: ५.१, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं एक तासाचं संगीत संकोचनाविना सुमारे ६.२ गिगाबाइट होतं. फ्लॅक केल्यावर ते बरंच उतरतं, तरी मोठी डिस्क घ्याच.

स्ट्रीमिंगबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज देऊ शकणारी सराउंड पद्धत) सुरू केलं आणि सराउंड संगीत अचानक फार मोठ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचलं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण स्ट्रीमिंगमधलं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं आणि त्यात माहिती गाळलेली असते. तेच मिक्स ब्ल्यू-रेवर ट्रूएचडीमध्ये दोषरहित मिळतं. नवीन संगीत धुंडाळण्यासाठी स्ट्रीमिंग उत्तम आहे. आवडलेलं संगीत तबकडीवर किंवा फाइलमध्ये विकत घ्यावं.

खोली आणि दोरी

स्पीकर घेण्याआधी एक दोरी घ्या. बसण्याच्या जागी, डोकं जिथे येईल तिथे तिचं एक टोक धरा आणि दुसऱ्या टोकाने वर्तुळ काढा. सगळे स्पीकर याच वर्तुळावर यायला हवेत. संगीताच्या स्टुडिओंमध्ये वापरली जाणारी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) मांडणी अशी आहे: मधला स्पीकर बरोबर समोर, पुढचे डावे-उजवे मध्यरेषेपासून ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर. म्हणजे मागचे स्पीकर पाठीच्या भिंतीवर नसतात, कानाच्या रेषेपासून जरासे मागे, बाजूला असतात. अनेक घरांत ते सोफ्याच्या मागच्या भिंतीवर अगदी कोपऱ्यात ठोकलेले दिसतात. तसे ठोकले की पुढचा आणि मागचा आवाज तुटतो, मध्ये भोक पडतं.

आकड्यांत सांगतो. दोरी २ मीटरची असेल, तर पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासूनही २ मीटरवर येतात. मागचे ११० अंशांवर ठेवायचे तर प्रत्येक कानापासून बाजूला साधारण १.९ मीटर आणि मागे ७० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे खोलीची मोकळी रुंदी चार मीटरच्या घरात हवी. तेवढी नसेल तर दोरी आखूड करा. लहान वर्तुळात नीट मांडलेले स्पीकर मोठ्या खोलीत कसेबसे टेकवलेल्या स्पीकरपेक्षा फार चांगले वाजतात. अंतरातला फरक रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) भरून काढतो, आवाजाच्या पातळीतलाही. कोनातली चूक मात्र बहुतेक रिसीव्हर दुरुस्त करत नाहीत. तडजोड करायची वेळ आली तर कोन धरून ठेवा, अंतर सोडा.

उंची: सगळ्या स्पीकरचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मागचे थोडे वर गेले तर हरकत नाही, पण मध्ये सोफ्याची पाठ किंवा कपाट येऊ देऊ नका. बैठक मागच्या भिंतीला चिकटवू नका, निदान अर्धा-पाऊण मीटर पुढे घ्या. भिंतीलगत खर्ज फुगतो आणि मागचे स्पीकर बाजूलाच राहतात.

खोलीच्या घुमण्यावरही थोडं काम करावं लागतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल, तर ४३ हर्ट्झच्या आसपास एक सूर तिथे जास्तच घुमणार, कारण ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर आणि त्या सुराची अर्धी लहर बरोबर ४ मीटरची. हे टाळता येत नाही, पण सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) आणि बैठक हलवून बरंच सौम्य करता येतं. जमिनीवर जाड गालिचा, काचेवर जड पडदे, आणि बाजूच्या भिंतींवर जिथून पुढच्या स्पीकरचा आवाज परावर्तित होतो तिथे शोषक फलक. ती जागा शोधायला आरसा वापरा: कोणीतरी भिंतीलगत आरसा सरकवत न्यावा, आणि बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करावी.

स्पीकर

पाचही एकाच मॉडेलचे घ्या. माझ्या मते या छंदातला हा सर्वांत महत्त्वाचा खर्चाचा निर्णय आहे. पुढे दोन भलेमोठे उभे स्पीकर आणि मागे नखाएवढे, या वाटणीपेक्षा पाच सारखे मध्यम बुकशेल्फ स्पीकर आणि एक चांगला सबवूफर संगीताला कितीतरी जास्त न्याय देतात. वाद्य पुढून मागे फिरताना त्याचा रंग बदलत नाही. पाचही एकदम परवडत नसतील, तर निदान त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतले, त्याच ट्वीटरचे घ्या. सिनेमासाठी विकले जाणारे, दोन दिशांना आवाज फेकणारे मागचे स्पीकर इथे नकोत. वाद्याची जागा ते पुसून टाकतात.

मधल्या स्पीकरची अडचण खरी आहे. टीव्हीखाली आडवा टाकलेला, वेगळ्या घडणीचा मधला स्पीकर गायकाचा आवाज वेगळाच करतो. सारखा उभा स्पीकर मध्ये ठेवता येत नसेल, तर मधला लावूच नका. रिसीव्हरमध्ये मधला स्पीकर "नाही" असं सांगितलं की त्याचा आवाज पुढच्या दोघांत समान वाटला जातो. वर्तुळाच्या केंद्रात एकट्याने ऐकणाऱ्याला गायक तरीही बरोबर मध्ये दिसतो. चार सारख्या स्पीकरनी सुरुवात करणं हा अगदी योग्य मार्ग आहे. सत्तरच्या दशकातलं क्वाड्राफोनिक संगीत मुळात चार चॅनलचंच होतं आणि आज त्यांतली अनेक मिक्स एसएसीडी आणि ब्ल्यू-रेवर पुन्हा निघाली आहेत.

ॲटमॉससाठी छताचे चार स्पीकर लावायचे असतील, तर ते श्रोत्याच्या पुढे आणि मागे, वर सुमारे ४५ अंशांवर बसवा. छत कानापासून दीड मीटर वर असेल तर दीड मीटर पुढे आणि दीड मीटर मागे. पण आधी तळाचा थर पूर्ण आणि नीट करा. वरचे स्पीकर नंतर येऊ शकतात.

रिसीव्हर आणि जोडणी

ॲम्प्लिफायरची ताकद बघताना "दोन चॅनल चालू असताना" हे बारीक शब्द वाचा. बहुतेक जाहिराती त्याच मोजमापाच्या असतात. संगीतात पाचही चॅनल एकदम जोरात वाजू शकतात आणि तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ताकद कमी असते. कमी संवेदनशील (तेवढ्याच ताकदीत हळू वाजणारे) स्पीकर असतील तर हे आणखी जाणवतं, कारण दर ३ डेसिबलसाठी दुप्पट ताकद लागते. वायर साधी, जाड तांब्याची. २.५ चौरस मिलिमीटरची वायर मागच्या लांब पल्ल्यालाही पुरते. महागड्या वायरचे पैसे स्पीकरमध्ये घाला.

ऑप्टिकल वायरवरून दोनच चॅनलचा पीसीएम जातो, किंवा मग कापलेला डॉल्बी-डीटीएस. दोषरहित सराउंड तिच्यातून जात नाही. त्यामुळे प्लेअरपासून रिसीव्हरपर्यंत एचडीएमआयच हवी. एसएसीडीचा डीएसडी प्रवाह एचडीएमआय १.२ पासून जातो, ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी १.३ पासून. आजचे रिसीव्हर या सगळ्याच्या पुढे आहेत, पण जुना रिसीव्हर घेताना हे तपासा. प्लेअर टीव्हीला जोडून टीव्हीकडून आवाज परत आणायचा असेल, तर दोन्ही बाजूंना ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून परत पाठवणाऱ्या एआरसी सोयीची नवी आवृत्ती) हवं. जुन्या एआरसीमधून दोषरहित सराउंड येत नाही. सरळ उपाय म्हणजे प्लेअर आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीला.

प्लेअर घेताना तो एसएसीडी वाजवतो का ते आधी विचारा, सगळे ब्ल्यू-रे प्लेअर वाजवत नाहीत. मग त्याच्या सेटिंगमध्ये एवढं करा:

- एसएसीडीसाठी "मल्टिचॅनल" थर निवडा. अनेक प्लेअर सुरुवातीला दोन चॅनलचा थर वाजवतात.
- डिजिटल आउटपुट "बिटस्ट्रीम" ठेवा, म्हणजे प्लेअर प्रवाह न उलगडता तसाच पाठवतो.
- ब्ल्यू-रेचा दुय्यम आवाज मिसळण्याची सोय बंद करा. ती चालू असेल तर दोषरहित प्रवाह बाहेर येत नाही.
- डायनॅमिक रेंज कमी करणारी सोय आणि रात्रीचा मोड बंद करा, प्लेअरमध्येही आणि रिसीव्हरमध्येही.

आता रिसीव्हरच्या पडद्यावर माहितीचं पान उघडा. येणारा प्रवाह काय आहे, किती चॅनलचा आणि कोणत्या गतीचा, ते तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक नवी तबकडी लावली की हे पान बघायची सवय लावा. "पीसीएम ४८, दोन चॅनल" दिसलं तर कानांना दोष देऊ नका, सेटिंग शोधा.

फायली वाजवायच्या तर

बऱ्याच रिसीव्हरची नेटवर्क आणि यूएसबी सोय दोनच चॅनलच्या फायली घेते. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सराउंड फ्लॅक वाजणार नाही असंच धरून चाला. खात्रीचा मार्ग म्हणजे एक छोटा संगणक, त्याची एचडीएमआय वायर थेट रिसीव्हरला. विंडोजमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकरची रचना ५.१ किंवा ७.१ अशी निवडा. कोडी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातही चॅनलची संख्या वाढवा. ती सुरुवातीला दोनवर असते आणि मग सहा चॅनलचं संगीत गुपचूप दोनात दाबलं जातं. जेरिव्हर किंवा फूबार२००० या संगीत वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वासापी एक्स्क्लुसिव्ह मार्ग निवडा, म्हणजे विंडोजचा मिक्सर मध्ये येऊन नमुन्यांची गती बदलत नाही.

मोजमाप

सबवूफर आधी. त्याला बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचं संगीत लावा आणि आपण जमिनीलगत खोलीभर फिरा. जिथे खर्ज सर्वांत एकसारखा, न घुमता ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. त्याच्या पाठीवरचं फ्रीक्वेन्सीचं बटण पूर्ण वर फिरवा, खर्ज कुठे तोडायचा हे काम रिसीव्हर करेल.

मग रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन तिवईवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, हातात धरू नका. पंखा बंद, खिडक्या बंद, खोलीत शांतता. पहिलं मोजमाप नेमकं डोक्याच्या जागी, पुढची आजूबाजूला थोड्या अंतरावर. ऑडिसी, डिरॅक लाइव्ह, वायपीएओ, यांतली खोलीच्या दुरुस्तीची जी प्रणाली रिसीव्हरमध्ये असेल ती चालवा. पण निकाल तसाच स्वीकारू नका:

पुढचे स्पीकर "लार्ज" दाखवले असतील तर पाचही "स्मॉल" करा आणि सीमा (क्रॉसओव्हर, जिच्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो) ८० हर्ट्झ ठेवा. सगळ्यांची सीमा सारखी असली की खर्ज एका जागेवरून, एका स्वभावाचा येतो. एलएफईची (५.१ मधल्या फक्त खर्जाच्या चॅनलची) सीमा १२० हर्ट्झ. "एलएफई अधिक मेन" हा पर्याय टाळा, त्यात तोच खर्ज दोनदा वाजतो. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलेलं दिसेल. ते बदलू नका, त्यात त्याच्या आतल्या यंत्रणेचा विलंब धरलेला असतो. बाकी स्पीकरची अंतरं मात्र टेपने पडताळा. ३४ सेंटिमीटरची चूक म्हणजे १ मिलिसेकंदाचा फरक.

ऑडिसीतलं डायनॅमिक ईक्यू कमी आवाजात मागच्या स्पीकरची पातळी वाढवतं. सिनेमाला ते बरं वाटतं. संगीतात मात्र मागचा वादक पुढे सरसावतो आणि मिक्सचा तोल जातो, म्हणून संगीतासाठी ते बंद ठेवा.

काही रिसीव्हर खोलीची दुरुस्ती चालू असताना ९६ किलोहर्ट्झचा प्रवाह ४८ वर आणतात, आणि डीएसडीला पीसीएममध्ये बदलतात. "डायरेक्ट" मोडमध्ये हे टळतं, पण अनेक रिसीव्हरमध्ये त्याबरोबर दुरुस्ती आणि खर्जाची वाटणी दोन्ही जातात. दोन्ही ऐकून ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: साध्या घरगुती खोलीत घुमणारा खर्ज संगीताचं जेवढं नुकसान करतो, तेवढं हे रूपांतर करत नाही. मी दुरुस्ती चालू ठेवतो.

शेवटची तपासणी

रिसीव्हरचा चाचणीचा खरखराट एकेका स्पीकरमधून वाजवा. प्रत्येक आवाज नेमक्या त्याच जागेवरून आला पाहिजे. मागचे डावे-उजवे अदलाबदल झालेले असले, तर संगीत ऐकून ते लवकर लक्षात येत नाही. मग वायरची अधिक-उणे बाजू तपासा: शेजारच्या दोन स्पीकरमधून सारखाच एकच आवाज वाजवला की तो दोघांच्या मधोमध ठाम दिसायला हवा. तो पसरट, जागाहीन वाटला आणि खर्ज पातळ झाला, तर एकाची वायर उलटी आहे. पुढचे दोन, मागचे दोन आणि प्रत्येक बाजूची पुढची-मागची जोडी, चारही जोड्या पाहा.

आता संगीत लावा, आणि पहिल्या काही दिवसांत सेटिंगला हात लावू नका. कान या मांडणीला रुळायला वेळ लागतो. सुरुवातीला मागचे स्पीकर लक्ष वेधून घेतात, नंतर ते वेगळे जाणवायचे थांबतात. एखाद्या मिक्समध्ये मागचा आवाज खरंच जड वाटला, तर त्या तबकडीपुरता १-२ डेसिबल कमी करा, झाल्यावर पुन्हा मोजलेल्या जागी आणा. सोफा हलला, कपाट आलं, पडदे बदलले, तर मोजमाप पुन्हा करा. आधीचं सेटिंग मात्र जपून ठेवा, तुलनेला लागतं.